थांबण्याचा हिशेब कोणत्या मापाने?

बार्शी लाइट रेल्वेचे अडीच फुटी रूळ मुरुडवरून पुढे जाऊन १९११ साली लातूरला टेकले. त्या काळात रेल्वे, टपाल आणि निजामाची कचेरी या तीन ठिकाणची मोजकी माणसे सोडली, तर या पट्ट्यात कोणाच्याही कामाला शेवटची तारीख नव्हती. पाटील मरेपर्यंत पाटील आणि सुतार मरेपर्यंत सुतार. कुणबी तर चितेवर जाईपर्यंत कुणबीच. आज त्याच मुरुडमध्ये शिक्षक, ग्रामसेवक, कारखान्याचा निवृत्त फिटर, पाच एकरवाला शेतकरी आणि पुण्यात कंपनीत काम करणारा त्याचा मुलगा असे सगळेच, कधी ना कधी, एकच प्रश्न विचारतात: किती जमले म्हणजे थांबता येईल? त्याचे सर्वांत प्रसिद्ध उत्तर अमेरिकेतून आले आहे. विल्यम बेंगेन नावाच्या आर्थिक सल्लागाराने १९९४ साली तिथल्या शेअर आणि रोख्यांच्या जुन्या आकड्यांवरून दाखवले, की पहिल्या वर्षी पुंजीचे सुमारे चार टक्के काढले आणि पुढे महागाईइतकी वाढ घेत गेले तर पैसे तीस वर्षे पुरतात. त्यावरून वार्षिक खर्चाला पंचविसाने गुणण्याचा नियम रूढ झाला. नियम वाईट नाही. पण मुरुड आणि आसपासच्या मुलखाचा इतिहास वाचला की वाटते, ‘किती’ या प्रश्नाआधी आणखी एक प्रश्न विचारायला हवा. म्हातारपणी मिळणाऱ्या घासाचे वचन कोणत्या मापात लिहिले आहे? पायलीत, रुपयात, जमिनीच्या हिश्श्यात, की मुलाच्या शब्दात? या भागाने ही सगळी मापे वापरून पाहिली आहेत, आणि प्रत्येक मापाला एकेक शत्रू भेटला आहे. पायलीला दुष्काळ भेटला, रुपयाला महागाई भेटली, आणि मुलाच्या शब्दाचा शत्रू बहुधा मुलगाच निघाला.

पहिले माप पायलीचे. बलुतेदारीत सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट यांना कामागणिक पैसे मिळत नसत. सुगीत खळ्यावर रास पडली की त्यातून ठरलेला वाटा त्यांच्या घरी जाई. मुरुडजवळच्या तेरचे गोरोबाकाका वारकऱ्यांना संत म्हणून ठाऊक आहेत. गावगाड्याच्या भाषेत ते याच व्यवस्थेतले एक कुंभार. या व्यवस्थेची खुबी अशी, की वाटा माणसाच्या नव्हे, घराच्या नावावर असे. म्हाताऱ्या सुताराचा हात कापू लागला की तिफणीचे काम मुलगा करी आणि धान्य त्याच घरात येत राही. म्हाताऱ्याला निवृत्त व्हावे लागत नसे, त्याला फक्त वाकस दुसऱ्याच्या हाती द्यावी लागे. पाटीलकी-कुलकर्णीपणाच्या वतनाचेही तत्त्व हेच. मनुस्मृतीने गृहस्थाला वनाकडे निघायची खूण सांगताना वयाचा आकडा दिलेला नाही. सुरकुत्या, पांढरे केस आणि नातवाचे तोंड एवढ्या खुणा दिल्या आहेत. अरण्यात जाणारे कुणबी किती झाले असतील हा भाग वेगळा, पण त्या खुणांतली तिसरी फार व्यवहारी आहे. नातू दिसला याचा अर्थ मुलगा कर्ता झाला, त्याच्याही मागे कोणी आले, आणि घरातली काम करणाऱ्या हातांची संख्या खाणाऱ्या तोंडांना पुरू लागली. पुंजी मोजण्याआधी हात मोजायचे, हे त्या काळाचे गणित होते.

या गणिताची जमेची बाजू आज आपल्या लक्षात येत नाही, कारण तिचा त्रास कोणाला झाला नाही. धान्यात लिहिलेल्या वचनाला महागाई लागत नाही. ज्वारी दुप्पट महागली तरी बलुतेदाराच्या घरी पायल्या तेवढ्याच. उणे बाजू मात्र सर्वांना ठाऊक होती. १८९९-१९०० च्या दुष्काळात किंवा १९७२ मध्ये, जिथे रासच पडली नाही तिथे राशीतला वाटा कोठून येणार? आणि या व्यवस्थेच्या कडेला एक मोठा समूह उभा होता, ज्याला कोणत्याच मापात वचन नव्हते. सालगडी पाडव्याला ठरतो आणि पुढच्या पाडव्याला त्याचे साल संपते. धान्य, कपडे, थोडी उचल मिळत असे, पण जमिनीत किंवा वतनात त्याचा हिस्सा नसे. पोते पाठीवर घेता येईना अशा वर्षी त्याला कोणी बोलावले नाही तर तीच त्याची निवृत्ती. म्हणून जुन्या गावात थांबण्याचा अधिकार मेहनतीतून मिळत नव्हता, हिश्श्यातून मिळत होता. ज्याचा हिस्सा होता तो थांबू शके, आणि ज्याने आयुष्यभर सर्वांत जड काम केले तो थांबू शकत नसे. गावगाड्याचे गोडवे गाताना ही गोष्ट वगळली जाते.

शेतकऱ्याचे माप जमिनीचे. मिताक्षरा धर्मशास्त्राप्रमाणे वडिलोपार्जित जमिनीत मुलाचा हक्क जन्मापासून असतो, म्हणजे बापाच्या म्हातारपणाची पुंजी मुळातच पूर्ण त्याच्या एकट्याची नव्हती. मुलगे वाटणी मागू शकत. आईला स्वतः वाटणी मागता येत नसे, पण नवरा आणि मुलगे वेगळे झाले तर तिला हिस्सा ठेवावा, असे हे शास्त्र सांगे. प्रत्यक्ष गावात यावर एक तोडगा रुळला आणि तो आजही चालतो: वाटण्या करताना म्हातारा-म्हातारीच्या नावाने एक तुकडा मागे ठेवायचा. तो तुकडा कसणाऱ्या मुलाने त्यांना सांभाळायचे, किंवा तो बटईने नाहीतर ठोक्याने देऊन त्यांनी स्वतःचे भागवायचे. आज महसूल संहितेच्या ८५ व्या कलमाखाली तहसीलदारापुढे वाटण्या होतात, तिथेही हा तुकडा मागे ठेवणारे शहाणे लोक दिसतात. सगळे सातबारे मुलांच्या नावाने करून मोकळे होणारे भाबडे लोकही दिसतात. निवृत्तीचे नियोजन हा शब्द या लोकांनी वापरला नसेल, पण बटई आणि ठोका यांतली निवड करताना ते नेमके तेच करत असतात. बटईत पिकाचा धोका म्हाताऱ्याकडे राहतो आणि भाववाढीचा फायदाही. ठोक्यात रक्कम आधी ठरते. झोप शांत लागते, पण रुपयाची किंमत घटली तर ती म्हाताऱ्याच्या ताटातून घटते.

हे माप खोटे ठरले असे नाही, ते आखूड झाले. कृषिगणनेप्रमाणे महाराष्ट्रातील सरासरी खातेदाराची जमीन १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होती, २०१५-१६ मध्ये ती १.३४ हेक्टर उरली. दहा एकरांतून दोन एकर म्हातारपणासाठी वेगळे काढता येतात. सव्वातीन एकरांतून काढले तर मुलगा उपाशी राहतो. उदाहरणादाखल हिशेब करू. पाच एकर सोयाबीन, एकरी सात क्विंटल उतारा आणि २०२४-२५ चा ४,८९२ रुपये हमीभाव धरला, तर वर्षाला सुमारे १ लाख ७१ हजार येतात. निम्म्या बटईने जमीन दिली तर म्हाताऱ्याच्या वाट्याला ८५ हजार, म्हणजे महिना सात हजार. त्यातून बियाणे-खताचा निम्मा खर्च वजा व्हायचा आहे, आणि लातूरच्या आडतीत सोयाबीन त्या हंगामात हमीभावाच्या खालीच विकले गेले. बरे वर्ष असेल तर हा हिशेब. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला पिण्याचे पाणी घेऊन येणारी रेल्वे याच मुरुडच्या रुळांवरून जात होती. तसल्या वर्षाला एकरी उतारा किती धरायचा?

तिसरे माप रोकड्याचे, आणि त्याचा इतिहास सर्वांत बोलका आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे, इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांच्या सुमाराचा. पावसाळ्यात तिथे राहणाऱ्या भिक्षूंसाठी त्याने ३,००० कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले: २,००० दरमहा शेकडा एक व्याजाने आणि १,००० पाऊण टक्क्याने. मुद्दल कधी परत घ्यायचे नाही, फक्त व्याज खायचे, अशी अट. दोन हजारांचे वर्षाचे व्याज होते २४० कार्षापण, आणि वीस भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी बारा म्हणजे बरोबर २४०. पुंजीवर हात न लावता उत्पन्नावर जगण्याचे, दमडीचीही तूट न ठेवणारे हे गणित महाराष्ट्रात जवळजवळ एकोणीसशे वर्षांपूर्वी दगडात कोरले गेले. पण खरा शहाणपणा पुढेच आहे. त्याच ठिकाणी उषवदात सांगतो की भिक्षूंच्या अन्नासाठी त्याने एका ब्राह्मणाकडून ४,००० कार्षापणांना शेत विकत घेऊन दिले, आणि एका गावातली आठ हजार नारळाची झाडेही दिली. कापडासाठी व्याज, अन्नासाठी शेत. कापड एखादे वर्ष जुने चालते, पोट थांबत नाही. म्हणून पोटाचे वचन त्याने नाण्यांत लिहिले नाही, पिकात लिहिले. हा आपला तर्क आहे, लेख कारण देत नाही. पण तीन प्रकारचे दान तीन मापांत विभागणारा माणूस केवळ उदार नव्हता, त्याला माप कळत होते. मुरुडला नाशिक दूर वाटेल. पण त्याच सुमाराला तगर म्हणजे आजचे तेर कापडाच्या व्यापारासाठी समुद्रापारच्या ग्रीक व्यापाऱ्यांच्या मार्गदर्शिकेत नोंदले गेले होते. विणकर, श्रेणी आणि व्याज ही या परिसराला परकी भाषा नव्हती.

महागाईखेरीज व्याजाच्या हिशेबातले दुसरे छिद्र आयुष्याचे आहे. १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने शरणागती पत्करली तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीच्या जॉन माल्कमने त्याला वर्षाला आठ लाख रुपये कबूल केले. रक्कम जास्त झाली म्हणून गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज नाराज झाला. बाजीराव बिठूरला १८५१ पर्यंत जगला आणि कंपनीला एकूण अडीच कोटींहून अधिक मोजावे लागले. कंपनीच्या बाजूने पाहिले तर हा माणूस अपेक्षेपेक्षा जास्त जगल्याचा तोटा. दत्तक पुत्र नानासाहेबाच्या बाजूने पाहिले तर पेन्शन आणि वतन यांतल्या फरकाचा धडा, कारण बाजीरावाच्या मृत्यूबरोबर ती बंद झाली. वतन घराचे असते, पेन्शन एका श्वासाची. बिस्मार्कच्या जर्मनीने १८८९ मध्ये म्हातारपणाचे निवृत्तिवेतन सुरू केले तेव्हा वय सत्तर ठेवले. तिथवर फार थोडे पोहोचत, म्हणून ते परवडले. भारतात १९५१ च्या सुमारास जन्मवेळचे सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होते, आज ते सत्तरीला टेकले आहे. अर्भकमृत्यू घटल्याचा त्यात मोठा वाटा आहे हे खरे, तरी साठी ओलांडलेला माणूस आजोबांपेक्षा जास्त वर्षे खातो यात शंका नाही.

निजामाच्या राज्यात रोकड्याच्या मापाचा आणखी एक मोठा प्रयोग झाला आणि तो मराठवाड्याच्या घराघरांत पोहोचला. पहिला सालारजंग दिवाण झाल्यावर त्याने सरकारी वसुली देशमुख-देशपांडे यांच्या हातून काढून पगारी तहसीलदार-तालुकदारांकडे दिली, आणि १८६५ च्या जिल्हाबंदीने, म्हणजे जिल्ह्यांच्या रचनेने, ती घडी पक्की झाली. काम गेले, पण हक्क बुडवला नाही. त्याऐवजी रोख रसूम लावून दिला. एका अर्थाने एक संपूर्ण वर्ग, तरुणांसकट, एका फटक्यात पेन्शनीत निघाला. वसुलीत वाटा होता तोवर पीक आणि भाव वाढले की त्यांचा हिस्सा वाढे. रसूम ठरलेल्या रुपयांचा झाला आणि तिथेच त्याची गती थांबली. रुपया तोच राहिला, बाजार राहिला नाही. दुसऱ्या महायुद्धात धान्याचे भाव चढले, निजामाचे राज्य संपवणाऱ्या पोलीस कारवाईनंतर त्याचा हाली शिक्का जाऊन सात हालीला सहा कलदार असा हिशेब झाला, आणि १९५४ च्या हैदराबाद इनाम व रोख अनुदान निर्मूलन कायद्याने उरलेसुरले अनुदानच काढून टाकले. समाजाच्या न्यायाने ते योग्य होते. पण ज्या घरांनी आपले म्हातारपण जमिनीत ठेवले ती तरली, आणि ज्यांनी रसुमावर भिस्त ठेवली ती कायदा येण्याआधीच खचली होती. कायद्याने फक्त मयत नोंदवली.

या जुन्या चुका आता कोण करतो, असे वाटेल. करतो, आणि सरकारी शिक्क्यानिशी करतो. मुरुडच्या पुढे ढोकीला तेरणा सहकारी साखर कारखाना आहे. अशा कारखान्यांतल्या कामगारांचे निवृत्तिवेतन १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेखाली येते. तिचे सूत्र असे: निवृत्तिवेतनासाठी धरलेला पगार गुणिले सेवेची वर्षे, भागिले सत्तर. पगाराची मर्यादा २०१४ पासून १५ हजार आहे, म्हणजे पस्तीस वर्षे पूर्ण मर्यादेवर नोकरी झाली तरी महिना साडेसात हजार. ज्यांची बरीच नोकरी जुन्या, खालच्या मर्यादेत झाली त्यांना याहून पुष्कळ कमी. किमान रक्कम २०१४ साली हजार रुपये ठरली आणि त्यानंतर कित्येक वर्षे हजारच राहिली. त्यात महागाईवाढ नाही. हा रसूमच आहे, फक्त नाव बदलले. २०१९ साली छोट्या शेतकऱ्यांसाठी आलेली मानधन योजना पाहा: दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याने अठरा ते चाळीस या वयात शिरून दरमहा ५५ ते २०० रुपये भरायचे आणि साठीनंतर महिना तीन हजार घ्यायचे. त्या वर्षी अठराव्या वर्षी शिरलेल्या मुलाला पहिला हप्ता २०६१ मध्ये मिळेल. महागाई वर्षाला पाच टक्के धरली तर त्या दिवशीच्या तीन हजारांत २०१९ चे चारशे रुपयेही भरणार नाहीत. आकडा पाहून नाव घालणाऱ्याला माप कोणीतरी समजावून द्यायला हवे होते.

आता कळीचा टप्पा. ‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण मराठवाड्यात कधी उलटली? माझ्या मते पगारामुळे ती उलटली नाही. साठच्या दशकातल्या प्राथमिक शिक्षकाचा पगार वीस एकर बागायतीसमोर काहीच नव्हता. ती उलटली ते पेन्शनमुळे. रेल्वेने नोव्हेंबर १९५७ मध्ये भविष्यनिधीऐवजी पेन्शन आणली. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या, आणि शाळा, दवाखाने, पशुवैद्यकीय केंद्रे यांच्याबरोबर गावोगाव पेन्शनीची नोकरी आली. खासगी अनुदानित माध्यमिक शाळांच्या शिक्षकांना १९६६ पासून पेन्शन लागू झाली. १९८२ च्या राज्य निवृत्तिवेतन नियमांनी दहा वर्षांच्या सेवेनंतर हक्क आणि पूर्ण सेवेनंतर पगाराच्या निम्मी रक्कम ही चौकट बांधली. पण निम्मा पगार हे त्यातले मोठे काही नव्हे. मोठे काय, तर महागाईवाढ आणि कुटुंब निवृत्तिवेतन. पहिल्याने रुपयाला पायलीचा गुण दिला, कारण बाजार चढला की रक्कम चढते. दुसऱ्याने एका श्वासाच्या पेन्शनला वतनाचा थोडा गुण दिला, कारण माणूस गेला तरी बायको निराधार होत नाही. आणि दुष्काळ पडला तरी ती एक तारखेला जमा होते, हा गुण पायलीलाही नव्हता. हजारो वर्षांत या भागाने पाहिलेल्या मापांपैकी तिन्ही शत्रूंना तोंड देणारे हे एकच. १९७२ च्या दुष्काळात ज्या घरांचे बागाईतदार कर्ते खडी फोडायला गेले, त्यांनी शेजारच्या मास्तरांची पेन्शन पाहिली आणि पोरांना शेतातून उठवून शाळेत बसवले. लातूरच्या शिक्षणाचा पुढे जो डंका वाजला त्यामागे गुणवत्तेची ओढ होती, तशी ही भीतीही होती. ‘पेन्शन विकून’ म्हणजे तिचा चाळीस टक्क्यांपर्यंतचा भाग अंशराशीकरणाने एकरकमी घेऊन घर बांधणारे, मुलीचे लग्न उरकणारे मास्तर हे नव्या काळातले वतनदार झाले.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: एकत्र कुटुंब होते तोवर या हिशेबाची गरजच नव्हती, मुलगा हीच पेन्शन. हा युक्तिवाद घराच्या बाहेरून केला जातो. मुलगा म्हाताऱ्याला सांभाळत असे, पण त्यामागे केवळ माया नव्हती. सातबारा म्हाताऱ्याच्या नावावर होता. जमीन हातात असेपर्यंत ताटात भाकर गरम येई, हे गावातल्या प्रत्येक म्हातारीला ठाऊक असते. पुढे मुलांचे उत्पन्न जमिनीतून सुटून पगारात गेले आणि म्हाताऱ्याच्या हातातला दोर निसटला. याचा पुरावा खुद्द लातूर जिल्हा परिषदेने दिला आहे. आईवडिलांना न सांभाळणाऱ्या आपल्या कर्मचाऱ्यांच्या पगारातून तीस टक्के कापून ते आईवडिलांच्या खात्यात जमा करायचे, असा ठराव तिने नोव्हेंबर २०२० मध्ये केला, आणि तक्रारी आलेल्या काही कर्मचाऱ्यांवर तो प्रत्यक्ष लागूही केला. त्या तक्रारींत शिक्षकांचे प्रमाण मोठे होते. ठराव कौतुकास्पद की लाजिरवाणा यावर त्या वेळी चर्चा झाली. इतिहासाच्या दृष्टीने तो एवढेच सांगतो, की मुलाचा शब्द हे माप आता पगारपत्रकावर लिहून घ्यावे लागते. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानेही, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता मुलाने अट मोडल्यास परत घेण्याची सोय केली आहे. त्यासाठी बक्षीसपत्रात ती अट मात्र लिहिलेली असलेली बरी. आणि ज्या मुलाकडे पगारच नाही, पगारपत्रकही नाही, त्याच्याकडून कोण कापणार?

दुसरा आक्षेप जास्त टोचरा आहे. थांबण्याचा हिशेब ही पोट भरलेल्यांची चैन आहे, सालगडी आणि मजूर बाई यांना त्याच्याशी काय करायचे? हा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. बाईच्या बाबतीत तर प्रश्नच वेगळा होतो, कारण नवरा निवृत्त झाला म्हणून चुलीला सुट्टी मिळत नाही, आणि तिच्या त्या कामाला कोणत्याच मापात मोल लागलेले नाही. पण सालगड्याने थांबण्याचा विचार केला नाही म्हणून त्याच्यासाठी राज्याने तो केला नाही, असे नव्हे. १९८० पासून संजय गांधी निराधार योजना आहे, नंतर पासष्ट वर्षांवरील गरिबांसाठी श्रावणबाळ योजना आली. तिची रक्कम सहाशेवरून २०१९ मध्ये हजार आणि २०२३ मध्ये दीड हजार झाली. त्यासाठी वार्षिक उत्पन्न एकवीस हजारांच्या आत असल्याचा दाखला लागतो. एकवीस हजार म्हणजे महिना साडेसतराशे. खऱ्या अर्थाने इतक्या कमी उत्पन्नाचे घर शोधायला तलाठ्याला फार फिरावे लागेल, म्हणून दाखले देणारा आणि घेणारा दोघेही नजर खाली ठेवून व्यवहार करतात. रक्कम थोडी सरकली तरी पात्रतेची मर्यादा वर्षानुवर्षे तीच राहिली. रुपयात लिहिलेल्या प्रत्येक आकड्याला महागाई खाते, मग तो आकडा देण्याचा असो वा पात्रतेचा. गरिबाला हा हिशेब लागू नाही असे म्हणण्यापेक्षा, त्याचा हिशेब सर्वांत चुकीच्या मापात लिहिला गेला, हे म्हणणे जास्त खरे.

तिसरा आक्षेप महागाईवाढीच्या पेन्शनवरच आहे. ती देते कोण? ज्याला स्वतःला पेन्शन नाही तो शेतकरी आणि मजूरही साबणापासून डिझेलपर्यंतच्या करातून ती भरत असतो. हे खरे आहे, आणि १ नोव्हेंबर २००५ पासून राज्याने नव्या नेमणुकांसाठी अंशदायी योजना आणली त्यामागे हाच बोजा होता. कर्मचाऱ्याचे दहा टक्के, सरकारचे आधी दहा आणि पुढे चौदा टक्के, आणि शेवटी बाजार देईल ते. धोका सरकारी तिजोरीतून उचलून नोकराच्या खिशात ठेवला गेला. मार्च २०२३ च्या संपात जुन्या पेन्शनची घोषणा घेऊन रस्त्यावर उतरलेल्या तरुण शिक्षकांना लोभी म्हणणे सोपे होते. पण ते रकमेसाठी भांडत नव्हते, मापासाठी भांडत होते, आणि २०२४ मध्ये राज्याने शेवटच्या पगाराच्या निम्म्या रकमेची हमी पुन्हा मान्य केली ती त्या मागणीचाच अंश होता. करदात्या शेतकऱ्याचा प्रश्न त्याने सुटत नाही. तो अधिकच उघडा पडतो. शिक्षकाच्या म्हातारपणाची रक्कम महागाईबरोबर चढेल, आणि त्याच्या शेजारच्या शेतकऱ्याचे तीन हजार २०६१ मध्येही तीन हजारच राहतील, हे समर्थन करण्याजोगे मला वाटत नाही. शेतकऱ्याचे तीन हजार त्याच निर्देशांकाला बांधायला कायद्याची अडचण नाही, फक्त खर्च आहे, आणि तो खर्च मोजायचे धाडस कोणत्याही अर्थसंकल्पाने अजून केलेले नाही.

मग पंचविसाने गुणण्याच्या नियमाचे मुरुडात काय करायचे? महिना पंधरा हजार लागणाऱ्या जोडप्याला तो ४५ लाखांची पुंजी सांगतो. बेंगेनचे गणित अमेरिकी शेअरबाजारावर उभे आहे. इथली बहुतेक बचत बँकेच्या ठेवीत, पतसंस्थेत, भिशीत, पोस्टात आणि सोन्यात असते, आणि कर वजा जाता ठेवीचे व्याज पुष्कळदा महागाईला जेमतेम गाठते. तसे असेल तर पुंजी वाढत नाही, ती फक्त झिजते, आणि तीस वर्षे पुरायची तर पंचविसाऐवजी तिसाने गुणावे लागेल. त्या जोडप्याला मग ५४ लाख हवेत. हा आकडा ऐकून पाच एकरवाला हसेल, आणि त्याचे हसणे चुकीचे नाही, कारण त्याच्या पंधरा हजारांतला अन्नाचा भाग शेतातून थेट घरात येतो. उषवदाताची विभागणी इथे उपयोगी पडते. ज्वारी, तूर, दूध आणि राहते घर हा खर्च जमिनीवर टाकला, म्हातारा-म्हातारीचा तुकडा वाटणीतून वगळून आणि बटईने देऊन, तर पुंजीला उरतो तो औषध, वीज, प्रवास आणि दवाखान्याचा खर्च. समजा तो महिना सहा हजार आहे. तिसाने गुणले तर २१ लाख ६० हजार होतात. ही रक्कमही लहान नाही, पण पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाने आणि दहा वर्षांच्या चांगल्या सोयाबीनने मिळून गाठता येण्यासारखी आहे. अट एकच, की त्या दहा वर्षांत बापाने सातबारा कोऱ्या बक्षीसपत्रावर लिहून दिलेला नसावा.